जिनिंगपलीकडचे काका

अमरावतीच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी आपाचे डोळे पाहिले, मग रक्ताचा रिपोर्ट पाहिला, आणि डोळे बाजूला ठेवून रक्ताबद्दलच बोलू लागले. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलाय, ऑपरेशन सोपं आहे, पण साखर इतकी असताना मी हात लावणार नाही, असं त्यांचं म्हणणं. रोज सकाळी तासभर भरभर चाला, गोड बंद करा, साखर उतरली की या. बाहेर आल्यावर आपा म्हणाली की डॉक्टर चांगला आहे, पण त्याला दर्यापूर माहीत नाही.

आपा आमच्या गल्लीच्या तोंडाशी राहायची. कापूस पिंजायचा आणि गाद्या-रजया भरायच्या, हा तिच्या घरचा पिढीजात धंदा. नवरा गेल्यावर पिंजणं तिनं मशीनवाल्याकडं सोपवलं, पण रजई भरून तिच्यावर हातानं टाके घालायचं काम कोणाला दिलं नाही. गेले दोन हिवाळे ते टाके वाकडे जात होते. माझी रजई त्याच काळातली. तिच्यावरच्या शिवणी पाहिल्या की पूर्णा नदी तिच्या सगळ्या उपनद्यांसकट दिसायची. मी जन्मभर शाळेत भूगोल शिकवला, त्यामुळं मला ते आवडलं. बाकी गिऱ्हाइकांनी भूगोल शिकवलेला नसल्यानं त्यांच्या रजया परत येऊ लागल्या.

आपाचा मुलगा अकोल्याला होता आणि तो फार चांगला होता, हीच अडचण होती. हिवाळा संपेपर्यंत डोळ्यांचं काही झालं नाही तर दुकान बंद करून आईला घेऊन जायचं, असं त्यानं प्रेमानं ठरवून टाकलं होतं. "सून चांगली हाये, घर चांगलं हाये," आपा मला म्हणाली, "मले खाटेवर बसवतीन अन् समोर टीव्ही लावून देतीन. मले त दिसत नाई. मरेपर्यंत आयकत बसू काय?"

तेव्हा साखर उतरवायची, हे ठरलं. आपाला रस्त्यातला खड्डा दिसत नसल्यामुळं तिनं एकटीनं चालायचा प्रश्न नव्हता. आम्ही चौघी निघालो. आपा, मी, आमच्या शेजारच्या कंडक्टरीणबाई आणि नदीकाठी मेथी-पालक पिकवून बाजारात विकणारी मळेवाली. कंडक्टरीणबाईंचे यजमान एसटीतून निवृत्त झालेले, पण नोकरीचा रुबाब बाईंकडं राहिला होता. आम्ही चौघी जमलो की त्या मागं वळून पाहत, मोजत, आणि मगच "चला" म्हणत. चौघींपैकी पन्नाशीच्या आत कोणी नव्हती आणि धडधाकटही कोणी नव्हती. माझे गुडघे, मळेवालीची कंबर, कंडक्टरीणबाईंचं प्रेशर. त्यांच्या गोळीची आठवण मी ठेवायची, माझ्या तेलाची मळेवालीनं, मळेवालीच्या पट्ट्याची आपानं. स्वतःचं औषध स्वतः लक्षात ठेवणं आमच्यात जरा स्वार्थीपणाचं मानलं जाई.

चालण्यात अवघड काहीच नव्हतं. अवघड होतं ते काही कारण नसताना चालणं. सकाळी फिरायला जाणं हे आमच्याकडं पेन्शनर पुरुषांचं काम. बाईमाणूस रस्त्यानं निघालं तर हातात पिशवी पाहिजे, नाही तर पूजेची ताटली, निदान दळणाचा डबा. चार प्रौढ बायका रिकाम्या हातांनी निघाल्या म्हटल्यावर पहिल्याच दारातून प्रश्न आला, "कुठी चालल्या?" चालायला चाललो, असं मी प्रामाणिकपणे सांगितलं. त्या बाईनं थोडा वेळ माझ्याकडं पाहिलं आणि मग आत या म्हणाली, च्या घ्या. ज्यांना कुठंच जायचं नाही त्यांना चहाला वेळ असणार, हे तिचं तर्कशास्त्र बिनचूक होतं.

चहा म्हणजे वऱ्हाडातला चहा. त्यात चहापत्ती ही मसाल्यासारखी असते, मुख्य पदार्थ साखर. नको म्हणायची सोय नाही. आपाची तर त्याहून नाही, कारण ती मुसलमान आणि चहाची घरं हिंदूंची. तिनं कप परत केला तर त्या घराला वाटणार, हिला आपल्याकडचं चालत नाही. आणि त्यांनी आग्रह सोडला तर तिला वाटणार, यांना आपण चालत नाही. इतक्या वर्षांचा शेजारधर्म एका कपावर तोलला जात असल्यामुळं दोन्ही बाजू तो भरलेला ठेवत आणि आपा तो रिकामा करी. आठवडाभर आम्ही अशा चाललो. बाजारपेठेतल्या लॅबमध्ये रक्त तपासलं तर साखर आधीपेक्षा वाढलेली. चालल्यानं साखर वाढते, हा शोध दर्यापूरच्या नावावर जमा व्हायला हरकत नव्हती.

दुसऱ्या दिवशी आपा ओट्यावर बसून राहिली. चप्पल घातलेली नव्हती. अकोल्याला फोन लावा म्हणाली. कंडक्टरीणबाईंनी तिच्या चपला तिच्या पायांसमोर सरकवल्या आणि पुढं निघाल्या. देवळाच्या कोपऱ्यावर रोजचा प्रश्न आला, तेव्हा त्यांनी पदर डोक्यावर ओढला आणि सांगितलं, "बसाले चाललो."

बसायला जाणं म्हणजे ज्या घरी माणूस गेलंय त्या घरी जाऊन, न बोलता, थोडा वेळ बसून येणं. या कामाला रिकाम्या हातांनीच जातात. वाटेत कोणी अडवत नाही, हसून बोलत नाही, चहाचं तर नावही काढत नाही. परततानाही कोणी आत बोलावत नाही, कारण तिथून आलेल्या माणसानं आंघोळ केल्याशिवाय दुसऱ्याच्या घरात पाय ठेवायचा नसतो. विचारणारी बाई दोन पावलं मागं सरली आणि तिनं हलकेच दार लोटून घेतलं. आमच्यापुढं सबंध दर्यापूर मोकळं झालं.

कोणाकडं, असं पुढच्या चौकात एकीनं विचारलंच. कंडक्टरीणबाई म्हणाल्या, जिनिंगच्या पलीकडं, आमच्या ह्यांचे काका.

त्यांच्या यजमानांना काका नव्हते. आपले काका वारल्याचं त्यांना दुपारी पानठेल्यावर कळलं. अनेक वर्षं गर्दीच्या गाड्या सांभाळलेला माणूस, गोंधळला नाही. संध्याकाळपर्यंत सांत्वन घेत बसला आणि घरी येऊन बायकोला म्हणाला की काका स्वभावानं कसे होते ते थोडं सांगून ठेव, लोक विचारतात.

चालणं सुधारलं ते मात्र खरं. शोकाला निघालेल्या बायकांना रस्त्यात गप्पा मारता येत नाहीत, भाजीचा भाव विचारायला थांबता येत नाही. आम्ही माना खाली घालून सरळ जिनिंगपर्यंत, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यापर्यंत, जायचो, तिथल्या भिंतीला वळसा घालून पलीकडच्या बाभळीखाली थोडा वेळ खरोखरच बसायचो आणि परत यायचो. दुःखानं आमचा वेग वाढला. आपाच्या रक्तातली साखर हलू लागली. अमरावतीच्या डॉक्टरांना हा उपाय कळवावा असं माझ्या मनात आलं होतं, पण तो चिठ्ठीवर कसा लिहायचा, ते सुचेना.

खोटेपणाचा त्रास फक्त आपाला होत होता. मेलेल्याच्या नावानं झूट चांगलं नाही, असं ती बाभळीखाली बसल्यावर म्हणे. मग तिनं आपल्या परीनं तोड काढली आणि काकांसाठी दुवा करायला लागली. जो जन्मलाच नाही त्याच्यासाठी मागितलेली दुवा कोणाला लागते, असं तिनं मला एकदा विचारलं. मी आयुष्यात बरंच वाचलंय, पण हे कुठं आलेलं नव्हतं.

काकांची तेरवी, म्हणजे तेराव्याचं जेवण, जवळ आली तशी पंचाईत झाली. लोक जेवण कुठं आहे म्हणून विचारू लागले. कंडक्टरीणबाईंनी त्याच दिवशी काकूंना अंथरुणाला खिळवलं. म्हातारीनं अन्न सोडलं, तिच्यापाशी कोणी तरी रोज जाऊन बसलं पाहिजे, आणि अशा घरात तेरवीचं जेवण कोण घालणार? लोकांना पटलं. त्यांना सगळंच पटत होतं, आणि याची मला हळूहळू भीती वाटायला लागली. एरवी आमचं गाव असं नाही. एखाद्यानं कूलर घेतला म्हटलं तरी चार जण जाऊन पाहून येतात. पण ती वर्षं तशी होती. कापसाचं सोडाच, त्या दोन-तीन हंगामांत माणसांचंही काही खरं राहिलं नव्हतं. कोणी गेलं म्हटलं की ऐकणारा खाली पाहायचा आणि एवढंच म्हणायचा की हो का. आम्ही फक्त काका गेले म्हटलं होतं. कसे गेले ते गावानं ठरवलं. आठवड्याभरात काकांना शेत आलं, त्या शेतात कपाशी आली, कपाशीवर बोंडअळी आली, आणि शेवटी शेतातलाच औषधाचा डबा आला. हे सगळं मळेवालीनं बाजारात ऐकलं आणि आम्हाला सांगताना ती खाली बसली. तिच्या माहेरी, मोर्शीकडं, खरंच असं झालेलं होतं.

आता थांबवू या, असं मी म्हटलं. कंडक्टरीणबाईंनी विचारलं की मग आपाला काय सांगायचं, अकोल्याची गाडी कोणत्या फलाटावर लागते ते? अजून थोडेच दिवस, असं आम्ही ठरवलं.

पण तोवर काका भाऊंच्या कानावर गेले होते. आमच्याकडं प्रत्येक पुढाऱ्याला भाऊ म्हणतात, त्यामुळं हे कोणते भाऊ ते सांगायची गरज नाही. त्या वर्षांत पुढारी, समित्या आणि अभ्यास पथकं यांची आमच्या भागात इतकी वर्दळ होती की ज्या रस्त्यांवर बैलगाडी धड जात नसे ते मुरूम टाकून सपाट झाले. भाऊंनी तहसिलात विचारलं. जिनिंगपलीकडच्या अशा कुठल्याही मृत्यूची तिथं माहिती नव्हती. म्हणजे प्रशासन हा मृत्यू लपवतंय, असं भाऊंनी जाहीर केलं. कंडक्टरीणबाईंच्या यजमानांकडं घराचा पत्ता विचारायला माणसं गेली, तर ते मूर्तिजापूरला बहिणीकडं निघून गेले होते आणि बाईंनी आतून कडी लावून घेतली होती. मग कोणीतरी सांगितलं की चार बायका रोज सकाळी तिथं बसायला जातात.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही जिनिंगच्या फाटकाशी आलो तर तिथं गाड्यांची रांग लागलेली. पांढरे कपडे, फोटोवाला, आणि पहिल्या गाडीच्या बॉनेटवर बैलगाडीच्या चाकाएवढं पुष्पचक्र. भाऊ हात जोडून पुढं आले. दुःखाच्या घरी आपण मिरवत पुढं जाणं शोभत नाही, असं ते फोटोवाल्याला ऐकू जाईल इतक्या हळू आवाजात म्हणाले. तुम्ही माउल्या पुढं चला, आम्ही मागून येतो.

त्या क्षणी आमच्यातल्या कोणीतरी बोलायला पाहिजे होतं. मी कंडक्टरीणबाईंकडं पाहिलं, त्यांनी माझ्याकडं. शिकलेली मी होते. कंडक्टरीणबाईंनी मागं वळून आम्हाला मोजलं आणि म्हणाल्या, "चला."

आम्ही चाललो. जिनिंगची भिंत संपली, बाभूळ आली आणि गेली. मागं गाड्या पहिल्या गिअरमध्ये गुरगुरत येत होत्या. आपानं माझ्या दंडाला धरलं होतं, तिनं विचारलं की मागं किती जण आहेत. बरेच आहेत, मी म्हटलं. मूर्तिजापूरच्या रस्त्यानं दोन्ही बाजूंना कपाशीची पऱ्हाटी उभी, वेचणीला आलेल्या बाया काम थांबवून पाहतायत, आणि आम्ही चौघी जगातल्या कुठल्याही घराकडं निघालेलो नाही. एक कार्यकर्ता धावत येऊन अजून किती लांब म्हणून विचारून गेला. हे काय समोरच, कंडक्टरीणबाई म्हणाल्या. समोर आडवी क्षितिजाची रेघ होती. माझे गुडघे कधीच संपले होते. थांबलं तर बोलावं लागणार म्हणून चाललो. इतकं अंतर आम्ही लग्न होऊन नवऱ्याच्या गावाला जातानाही पायी गेलो नव्हतो.

शेवटी मळेवालीची कंबर राहिली. रस्त्याच्या कडेला शेतातच बांधलेलं एक एकटं घर होतं, तिथं ती खांबाला धरून उभी राहिली, एवढंच. मागच्या सगळ्या गाड्यांची दारं एकदम उघडली.

ओट्यावर एक माणूस उकिडवा बसून दातांना तंबाखूचं गुल घासत होता. पांढऱ्या कपड्यांची माणसं पुष्पचक्र घेऊन आपल्याकडं येतायत हे पाहून तो उठला, पण तोंड भरलेलं असल्यानं त्याला काही बोलता येईना. भाऊंनी त्याला मिठी मारली. त्यानं मान जोरजोरानं हलवली. धीर धरा, भाऊ म्हणाले. त्यानं कसंबसं बाजूला थुंकून सांगितलं की कोणी गेलेलं नाही. भाऊंनी मागं वळून गर्दीकडं दुःखानं पाहिलं. यांना अजून मान्य होत नाहीये, असा त्या पाहण्याचा अर्थ होता. फोटोवाला म्हणाला, काका, थोडं इकडं बघा.

इथपर्यंत हसायला येण्यासारखंच होतं आणि कंडक्टरीणबाईंचा पदर हलतही होता. तेवढ्यात घरातली बाई दारात आली. हाताला कणीक लागलेली. तिनं गाड्या पाहिल्या, फुलांचं चक्र पाहिलं, आम्हा चौघींचे डोक्यावरचे पदर पाहिले, आणि उंबऱ्यावरच बसली. नवऱ्याला तिनं काही विचारलं नाही. आम्हाला विचारलं.

"माया भाऊ गेला काय वो? नांदगावचा?"

मग ती रडायला लागली. तिचा भाऊ नांदगाव खंडेश्वरला होता, त्यानं तसं काही करू नये म्हणून ती कित्येक दिवस रात्री जागी असायची, हे आम्हाला नंतर कळलं. त्या वेळी फक्त तो आवाज होता. आम्ही तिघी डोळ्यांनी धड असून जागच्या हललो नाही. आपा माझा दंड सोडून त्या आवाजाच्या दिशेनं निघाली. एका कार्यकर्त्याला धडकली, पुष्पचक्रात पाय अडकला, आणि ओट्याला गुडघा लागला तिथं ती खाली बसली. तिनं हात पुढं करून त्या बाईचं तोंड चाचपलं.

"कोणी नाई गेलं, बाई," ती म्हणाली. "तुया भाऊ जिता हाये. कोणाचा काका नाई, कोणी नाई. माया डोळ्याचं ऑपरेशन हाये. मी आपली साखर उतरवून राहिली."

हे ती त्या बाईला तीन-चार वेळा सांगत राहिली. मागं सगळे ऐकत होते. भाऊंच्या हातात दुसऱ्याच कोणाच्या तरी वडिलांच्या आठवणी काढणारं भाषण तयार होतं, त्याचा कागद त्यांनी घडी करून खिशात घातला. पण पुढारी उगाच होत नाही माणूस. दोन मिनिटांत त्यांनी घसा साफ केला आणि मधुमेह हा आपल्या समाजाचा छुपा शत्रू कसा आहे यावर बोलायला सुरुवात केली. वारसांसाठी आणलेली शाल आपाच्या खांद्यावर पडली. पुष्पचक्राचं काय करायचं हे कोणालाच कळेना. तेवढ्यात घरच्या शेळीनं तो प्रश्न हाती घेतला.

घरची बाई अजून हुंदके देत होती, आणि हुंदके देतच चुलीकडं गेली. आपला भाऊ जिवंत आहे म्हटल्यावर दारात आलेल्या सगळ्या गर्दीला चहा पाजल्याशिवाय ती सोडणार नव्हती. पातेलं उतरलं, कप फिरले. मी पाहत होते. आपापुढं आली तेव्हा तिच्या हातात वेगळी वाटी होती. "तुमच्यात साखर नाई टाकली," ती म्हणाली. दर्यापूर तालुक्यात इतक्या वर्षांत आपाला कोणी बिनसाखरेचा चहा दिला नव्हता. आपानं तो तोंड वाकडं करत शेवटपर्यंत प्यायला.

परत येताना भाऊंच्या गाडीनं आम्हाला सोडलं, कारण फोटोवाला अजून होता. कंडक्टरीणबाईंनी गाडीत बसल्यावर एकदा सगळ्यांना मोजलं आणि ड्रायव्हरला दोनदा काच वाजवून निघायची परवानगी दिली.

आम्हाला वाटलं होतं, गावात तोंड दाखवायला जागा राहणार नाही. तशी ती राहिली नाही काही दिवस. कंडक्टरीणबाईंच्या यजमानांना पानठेल्यावर काकांवरून इतकं छळलं की त्यांनी पान सोडलं. पण आपाला साखर आहे आणि ती उतरली नाही तर तिला अकोल्याला नेतील, हे आता दारादारात माहीत झालं. सकाळी निघालो की दारं उघडायची ती चहासाठी नाही. कोणी कारल्याचा रस घेऊन उभी, कोणी रात्रभर भिजवलेली मेथी, कोणी जांभळाच्या बियांची पूड. आपानं सगळं घेतलं, कोणालाच नको म्हणता येत नसल्यामुळं. तिची साखर यांतल्या कशानं उतरली ते डॉक्टरांनाही सांगता आलं नाही. चालण्यानं, असं ते म्हणाले. आम्ही होकार दिला.

एकेक करून दोन्ही डोळ्यांचं ऑपरेशन झालं. अकोल्याचा मुलगा सोबत होता, काळा चष्मा लावलेल्या आईला त्यानंच दर्यापूरला आणून सोडलं, आणि आता दिसतंय म्हटल्यावर जड मनानं एकटाच परत गेला.

दुसऱ्या दिवशी आपा माझ्याकडं आली. एकटी, खड्डे चुकवत. माझ्या पलंगावरची रजई तिनं पाहिली, मग चष्मा काढून पाहिली. खिडकीपाशी नेऊन पसरली आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पूर्णेवरून तिच्या उपनद्यांसकट बोट फिरवलं. मग म्हणाली, ही मी घेऊन जाते, उसवून परत घालते. मी नाही म्हटलं. तिनं ओढली, मी दुसरं टोक धरून ठेवलं. दोन म्हाताऱ्या रजईसाठी झोंबतायत, हे कंडक्टरीणबाईंनी दारातून पाहिलं आणि त्या मध्ये पडल्या नाहीत.

शेवटी आपानं हात सोडला. रजईची घडी तिनं स्वतः घातली, वाकडे टाके आतल्या बाजूला जातील अशी.

"राहू द्या मंग," ती म्हणाली. "पण कोणी इचारलं त मायं नाव सांगू नका. सांगजा, जिनिंगपलीकडच्या काकानं शिवली."